आख्टमधलं घर आणि पुण्याच्या घरमालकाचा दाखला

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला घर भाड्याने मिळवणं अवघड आहे हे सगळे सांगतात. टंचाई आहे, भाडी वाढलेली आहेत, हे सगळं खरं. पण आमचं घर भाड्यापायी किंवा टंचाईपायी अडलं नाही. ते अडलं एका पानाच्या दाखल्यापाशी, आणि तेही पगार, नोकरी, करार सगळं जागेवर असताना. मला त्याचा राग अजून आहे. पुण्याहून, नाशिकहून निघण्याच्या तयारीत असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आम्हाला आख्टमध्येच राहायचं होतं. आख्ट आज आइंडहोव्हन शहराचा भाग आहे, पण शहराच्या वायव्य टोकाला, आणि स्वभावाने अजून गावच. मुळात ते वुन्सेल नगरपालिकेतलं खेडं होतं. १९२० साली वुन्सेल, स्ट्रेप, स्ट्राटुम, खेस्टल आणि टोंगेल्रे ही गावं आइंडहोव्हनला जोडली गेली तेव्हा आख्टही शहरात आलं. बाकीची गावं शहराने पार गिळली. आख्ट वाचलं. मध्ये चर्च, भोवती बुटकी विटांची घरं, पुढे हातभर बाग, रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूसही मान हलवून जातो. निरोप घेताना इथले लोक अस्सल ब्राबांटी, म्हणजे या प्रांताच्या बोलीतलं 'हाउडू' म्हणतात. माझा नवरा वाईचा, त्याला पहिल्याच फेरीत हे गाव आवडलं. मुलाला दाराबाहेर सोडता येईल अशी जागा आम्ही शोधत होतो आणि ती हीच होती. शहराचा मध्य सायकलने अर्ध्या तासाच्या आत आहे.

अडचण अशी की अशा भागात भाड्याची घरं फारच थोडी. बहुतेक घरांत मालक स्वतः राहतात. उरलेल्यांतली बरीचशी गृहनिर्माण संस्थांची, म्हणजे वोनिंगकॉर्पोरात्सींची असतात. त्यांची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं चालते, नव्याने आलेल्या माणसाने तिच्यावर विसंबून राहू नये. त्यामुळे आख्टमधलं खासगी घर पारारियस किंवा फुंडा या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर दिसलं की त्याच तासात लिहायचं. सूचना मोबाइलवर चालू ठेवा, आणि पहिल्याच संदेशात कुटुंबात किती जण, नोकरी कुठली, एकूण मासिक पगार किती, घर कधीपासून हवं हे सगळं लिहून टाका. "घर अजून रिकामं आहे का" एवढंच विचारलंत तर उत्तर येत नाही.

आम्हाला घर दाखवलं ते स्वतः घरमालकांनी. ते दोन रस्ते सोडून राहतात. त्यांनी बाग दाखवली, सायकली ठेवायची शेड दाखवली, मुलाला शाळा कुठली बघताय असं विचारलं. त्यांना आम्ही पसंत आहोत हे स्पष्ट दिसत होतं. पण सगळा व्यवहार एका माकेलारच्या, म्हणजे एजंटच्या कचेरीकडे होता. त्या कचेरीचं नाव मी लिहीत नाही.

कागदपत्रांची यादी आली. पासपोर्ट, निवासपरवाना, नोकरीचा करार, वेर्कखेवर्सफरक्लारिंग म्हणजे कंपनीने भरून दिलेला नोकरीचा दाखला, पगारपत्रकं. भाड्याच्या किमान तिप्पट एकूण पगार हवा ही अट बहुतेक कचेऱ्या घालतात, ती आम्ही पुरी करत होतो. आणि शेवटचं: फरह्यूरडर्सफरक्लारिंग. म्हणजे आधीच्या घरमालकाने लिहून द्यायचं की हे लोक इतकी वर्षं राहिले, भाडं वेळेवर दिलं, शेजाऱ्यांना त्रास दिला नाही, घर नीट ठेवलं.

नेदरलँड्समध्ये आमचं आधीचं घर म्हणजे कंपनीने दिलेली तात्पुरती जागा. ती चालणार नाही असं कळवण्यात आलं. मग पुण्याचा घरमालक द्या. ठीक आहे म्हटलं, दिला. कोथरूडला आम्ही ज्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो ते काका देवमाणूस. मी फोनवर प्रत्येक ओळ मराठीत सांगितली, काकांनी फॉर्म भरला, सही केली, त्यांच्या मुलाने स्कॅन करून पाठवला. माझ्या लेखी विषय तिथे संपला होता.

पुढच्या मेलमध्ये प्रश्न आला की तुम्ही दरवर्षी घर का बदलत होतात? मला कळेचना. आम्ही त्या फ्लॅटमधून हललोच नव्हतो. मग लक्षात आलं. दाखल्यासोबत करार जोडा असं सांगितलं होतं म्हणून मी सगळे लिव्ह अँड लायसन्स करार जोडले होते, आणि प्रत्येक करार अकरा महिन्यांचा. आपल्याकडे कुणाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे मात्र अकरा महिन्यांचा करार म्हणजे अकरा महिन्यांत बाहेर काढलेला भाडेकरू, असा अर्थ त्यांनी लावला. सगळ्या करारांवर पत्ता एकच होता, मालकाचं नाव एकच होतं, फोटो आणि अंगठ्यांचे ठसे आमचेच होते. तो पत्ता कुणी वाचलाच नव्हता.

मी समजावून लिहिलं. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते, अकरा महिन्यांनी नवा करार करायची पद्धत आहे, घर तेच राहतं. उत्तर दुसऱ्याच कुणीतरी दिलं, त्यांनी आधीचा पत्रव्यवहार पाहिलेला नव्हता. त्यांनी नवीन मुद्दा काढला: दाखला देणारा माणूस खरंच त्या घराचा मालक आहे याचा पुरावा द्या. काकांनी इंडेक्स टू, म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा, आणि महापालिकेची मिळकतकराची पावती पाठवली. दोन्ही मराठीत. मग भाषांतर हवं. शपथबद्ध भाषांतरकाराचे दर विचारले, आणि एका भाड्याच्या घराच्या दाखल्यासाठी तेवढे पैसे घालायचे नाहीत असं मी ठरवलं.

आणि फोन! कचेरीची पद्धत अशी की आधीच्या मालकाला फोन करून खात्री करायची, आणि ती माणसं हे फोन सकाळी नऊ ते अकरा या वेळात करतात. हिवाळा होता. नेदरलँड्समधले नऊ म्हणजे पुण्यात दुपारचा दीड. काका जेवून आडवे होतात ती वेळ. त्यातून नंबर परदेशी. मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, बाहेरच्या देशातून फोन आला तर उचलायचाच नाही असं मुलाने बजावून ठेवलंय. किती फसवणुकी चालल्यात." त्यांचं काय चुकलं? सत्तरी उलटलेल्या माणसाने तेच करावं. इकडे माझ्या फाइलवर शेरा पडला की आधीचा घरमालक संपर्कात नाही. मी वेळ ठरवून फोन करा म्हणून विनवलं, काकांना नंबर सांगून ठेवला, ते फोन हातात घेऊन बसले, आणि त्या दिवशी कुणी फोन केलाच नाही. काकांना ताटकळत बसवलं याचं मला फार वाईट वाटलं. त्यांनी उलट माझीच समजूत काढली.

या सगळ्यात घर जाहिरातीत अजून दिसत होतं. रोज सकाळी मी आधी ते बघायची.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या, आणि ज्यांचं असंच अडलं असेल त्यांनी या दोन्ही लगेच कराव्यात, माझ्यासारखं थांबू नये.

एक, सगळ्या कागदांच्या वर एक पान इंग्रजीत लावलं. त्यावर तक्ता: करार कधीपासून कधीपर्यंत, पत्ता, मालकाचं नाव, नोंदणी क्रमांक, महिन्याचं भाडं. खाली बँकेच्या उताऱ्यातल्या भाड्याच्या नोंदी पिवळ्या करून जोडल्या. दर महिन्याला ठरल्या तारखेला त्याच खात्यात गेलेले पैसे ही गोष्ट कुठल्याही देशातल्या माणसाला कळते. इंडेक्स टू म्हणजे काय हे एका वाक्यात लिहिलं: इथल्या काडास्टरमध्ये, म्हणजे मालमत्ता नोंदणी कार्यालयात, जशी मालकीची नोंद असते तशी आमच्याकडची नोंद.

दोन, मी कायद्याचं नाव घेतलं. १ जुलै २०२३ पासून नेदरलँड्समध्ये 'वेट खूट फरह्यूरडरस्खाप', म्हणजे घरं नीट भाड्याने देण्याबद्दलचा कायदा लागू आहे. त्यानुसार भाडेकरू निवडण्याचे निकष आधी सांगावे लागतात, ते वस्तुनिष्ठ असावे लागतात, आणि ज्याला नाकारलं त्याला कारण द्यावं लागतं. हे घरमालकाला लागू आहे तसंच एजंटलाही. तक्रारीसाठी प्रत्येक नगरपालिकेत कक्ष आहे. मी अगदी सभ्य शब्दांत लिहिलं की परदेशातला घरमालक तुमच्या निकषांत बसतो की नाही, बसत असेल तर कुठला पुरावा पुरेसा आहे, हे मला लेखी कळवा. आणि त्याची प्रत आख्टच्या त्या घरमालकांना पाठवली.

तिथून चक्र फिरलं. घरमालकांनी स्वतः कचेरीत विचारणा केली. कचेरीने काकांशी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवली आणि पाळली. काका इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, मुलगा भाषांतराला शेजारी. कॉल पाच मिनिटांत आटोपला. इतके दिवस जे अडलं होतं ते पाच मिनिटांचं काम होतं, आणि हेच मला अजून सहन होत नाही. आमच्याकडे दाखवण्यासारखा इतिहास होता, चांगला होता, तो वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती.

त्यामुळे निघण्यापूर्वी पुण्यात, मुंबईत, जिथे असाल तिथे हे करा: घरमालकाकडून इंग्रजीत सहीचा दाखला घ्या, त्यात 'एकाच घरात सलग राहिले' हे स्पष्ट शब्द हवेत. सगळे नोंदणीकृत करार पीडीएफमध्ये ठेवा. भाडं रोख देत असाल तर निदान शेवटची दोन वर्षं खात्यातून द्या. पोलीस पडताळणीची पावतीही ठेवा. स्वतःच्या घरात राहत असाल तर तसं लिहून इंडेक्स टू जोडा. आणि घरमालकांना आधीच सांगून ठेवा की अमुक देशातून फोन येईल.

करार झाल्यावर पुढचं सरळ झालं. २०२४ च्या १ जुलैपासून साधारणपणे बेमुदत करारच करावा लागतो, तात्पुरता करार काही ठरावीक लोकांपुरताच राहिला आहे, तेव्हा कुणी एका वर्षाचा कागद पुढे केला तर कारण विचारा. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. आणि घरमालकासाठी काम करणारा एजंट तुमच्याकडून दलाली घेऊ शकत नाही, ती 'प्रशासकीय शुल्क' म्हणून आली तरी नाही. आमच्याकडे तसा आकडा आला होता, मी प्रश्न विचारल्यावर तो गेला.

भाडं किती असावं याला गुणांची पद्धत आहे. क्षेत्रफळ, ऊर्जेचं लेबल, घराची सरकारी किंमत वगैरेंचे गुण होतात. १८६ गुणांपर्यंतच्या घराला भाड्याची कमाल मर्यादा आहे, त्यावरच्या घराला नाही. शंका असेल तर करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ह्यूरकोमिसीकडे, म्हणजे भाड्याचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जाता येतं.

घर बघायला जाल तेव्हा जमीन कुणाची आहे ते विचारा. मी लाकडी किंवा लॅमिनेटच्या जमिनीबद्दल बोलतेय. इथे पूर्ण मोकळं घर भाड्याने देतात तेव्हा खाली उघडं काँक्रीट असतं, पडदे नाहीत, दिव्यांच्या जागी नुसत्या तारा. आधीचा भाडेकरू जमीन आणि पडदे तुम्हाला विकू बघतो. किंमत पटली तर घ्या, पण त्याचा कागद करा, कारण सोडताना ती जमीन तुम्हालाच काढावी लागू शकते.

पत्त्याची नोंदणी करता येईल का, हे पहिल्या भेटीत विचारायला हवं. चार महिन्यांपेक्षा जास्त राहायला आलेल्या माणसाने पोहोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते, त्यातूनच बीएसएन, म्हणजे इथला नागरी ओळख क्रमांक मिळतो. नोंदणी करू न देणारं घर कितीही सुंदर असलं तरी सोडा. नोंदणीच्या वेळी लग्नाचा आणि जन्माचा दाखला अपोस्टिलसकट, म्हणजे परदेशात ग्राह्य धरल्या जाणाऱ्या सरकारी शिक्क्यासकट मागतात. ते काम भारतातूनच करून आणा. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. इथे आल्यावर ते करवून घेणं म्हणजे सगळी धावपळ तिकडच्या नातेवाइकांच्या गळ्यात.

न बघता पैसे पाठवू नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, हे ऐकलं की तिथेच थांबा. काडास्टरमध्ये काही युरो भरून कुणालाही घराच्या मालकाचं नाव बघता येतं. तेवढे युरो खर्च करा.

भाड्याव्यतिरिक्त कचऱ्याचा कर आणि वाटरस्खापचा, म्हणजे जलमंडळाचा कर भाडेकरूच्याच नावाने येतो. आमच्या भागात ते मंडळ डे डोमेल. हिशेबात आधीच धरा.

राहायला गेलात की दोन्ही बाजूंच्या घरांची बेल वाजवून ओळख करून द्या. आख्टसारख्या ठिकाणी लोक याची वाट बघतात, आणि कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा हे आम्हाला शेजारच्या आजींनीच सांगितलं.

आणि हो, या नव्या घराचंही भाडं आम्ही पहिल्या महिन्यापासून खात्यातूनच देतो, नोंदीत महिना आणि पत्ता लिहून. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून घरमालकांना त्याच दिवशी मेल केले. पुढच्या वेळी कुणी दाखला मागितला तर तो एका मेलमध्ये जाईल.