लग्नाच्या शूटिंगपासून चौथीच्या बातमीपत्रापर्यंत

आमचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा, साताऱ्यात. तुळशीचं लग्न लागलं की मान वर करायला फुरसत नसते. आषाढी एकादशीनंतर मात्र मुहूर्त संपतात आणि कॅमेरे कपाटात जातात. शाळा नेमक्या तेव्हा भरात असतात. म्हटलं, हे चार महिने तिकडे लावू, धड्यांवरून मुलांकडूनच फिल्म आणि आवाजाची रेकॉर्डिंग करून घेऊ.

२०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर डिजिटल शाळांचं वारं होतं. लोकवर्गणीतून गावोगाव प्रोजेक्टर आले. पण पडद्यावर तयार धडा लागायचा आणि पोरं नुसती बघत बसायची. आम्ही म्हणायचो, पोरांनाच करू द्या की! त्यावर मुख्याध्यापकांचा प्रश्न ठरलेला: “मग पोर्शन कधी संपवायचा?” रास्त प्रश्न. म्हणून पुस्तकाबाहेरचा विषय आम्ही घेतच नाही.

चौथीच्या इतिहासात शिवछत्रपती आहेत. अफजलखानाच्या धड्यावरून मुलांनी १० नोव्हेंबर १६५९ च्या संध्याकाळचं बातमीपत्र करायचं. निवेदक वर्गात, वार्ताहर प्रतापगडाच्या पायथ्याला. बातमी जेमतेम तीन मिनिटांची, पण ती लिहिताना धडा दहादा उघडला जातो. वाईजवळच्या शाळेत वार्ताहर झालेली मुलगी मध्येच थांबली. “खान आमच्या वाईतनं निघाला, मग रडतोंडीच्या घाटातनं एवढे हत्ती-घोडे उतरवले कसे?” झालं! नकाशा निघाला, गणिताचा तासही त्यातच गेला. बाई काही बोलल्या नाहीत.

नुसता आवाज रेकॉर्ड करायचा असेल, तर पत्र्याच्या वर्गात तो फार घुमतो. दोन बाकांवर गोधडी टाकायची, मोबाईल आत ठेवायचा आणि वाचणाऱ्यानेही आत शिरायचं. महागड्या माईकची गरज पडत नाही. एरवी हात वर न करणारी पोरं गोधडीत मोकळी बोलतात, कारण चुकलं तर पुसता येतं. शिवाय चेहरा दिसत नसल्याने पालकही चटकन हो म्हणतात.

खासगी शाळा फी देतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत पेट्रोल सुटलं तरी पुष्कळ. तो खड्डा लग्नसराई भरून काढते.

आता जूनमध्ये आम्ही शिक्षकांनाच हे शिकवतो. हिचं म्हणणं, अशाने आपलंच गिऱ्हाईक तुटेल. तसं झालेलं नाही. शिकून गेलेलेच आता वालाच्या बीला मोड येतानाची फिल्म मागतात. चिकणमातीची बी तसूतसूने हलवत दर वेळी एक फोटो काढायचा; असे बारा फोटो म्हणजे फिल्मचा एक सेकंद. ते शिकवायला अजून आम्हीच लागतो.