नौशेरा ते राजौरी: रामा राघोबा राणे यांच्या रस्त्यावर

बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता तुकडीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले चाळीसगावचे माझे मामा आणि मी एप्रिलमध्ये भुसावळहून झेलम एक्स्प्रेसने जम्मूला गेलो आणि तिथून गाडी करून अखनूर, सुंदरबनीमार्गे नौशेऱ्याला पोहोचलो. कारवारजवळच्या चेंडिया गावी जन्मलेल्या बॉम्बे सॅपर्सच्याच सेकंड लेफ्टनंट राणे यांनी 1948 मध्ये भारत-पाक युद्धात रणगाड्यांसाठी मोकळा केलेला रस्ता इथूनच राजौरीकडे जातो.

त्या वर्षी 8 एप्रिलला वाटेत पेरलेले सुरुंग काढायचे काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांचा मारा झाला. त्यात दोन जवान ठार झाले आणि पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते, तरीही रात्री उशिरापर्यंत त्यांनी काम थांबवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पासून दुपारी 3 पर्यंत खपून त्यांनी रणगाड्यांपुरता वळणरस्ता तयार केला. पुढे चिडाची (पाइनची) झाडे आडवी पाडून वाट अडवलेली होती, ती त्यांनी सुरुंगाने उडवली आणि त्याहीपुढे मोरी उद्ध्वस्त केलेली आढळली, तेव्हा मशिनगनच्या माऱ्यात पुन्हा वळणरस्ता काढला. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला सुरू झालेले काम रात्री 9 पर्यंत चालले.

एका नाल्यापाशी मामांनी गाडी थांबवायला लावली. मोरीच्या कठड्यापासून उताराची माती बुटाने उकरत ते खाली उतरले, पावलांनी रुंदी मोजली आणि म्हणाले, "मोरी गेली की डोंगराची कड कापूनच गाडा उतरवावा लागतो, आणि कड कापणारा माणूस समोरच्याला अगदी उघडा दिसतो." कन्नड घाटातून शेकडो वेळा गेलेल्या मला घाटातला रस्ता म्हणजे काय, हे तेव्हा प्रथमच नीट कळले.

जाणाऱ्यांनी हे अंतर एका दमात तोडू नये. वाटेतल्या चिंगसला उतरून नदीकाठची मुघल सराई अवश्य पाहावी. राणे यांनी वाट करून दिलेले रणगाडे 10 तारखेला दुपारी इथवर आले होते. हा भाग नियंत्रण रेषेजवळचा आहे, त्यामुळे निघण्याआधी परिस्थितीची चौकशी करावी, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पूल, चौक्या व लष्करी वाहने यांची छायाचित्रे काढू नयेत. बाहेरचे प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, म्हणून एकाकडे तरी पोस्टपेड असावे. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी. आम्हाला ती परतीपर्यंत पुरली. एप्रिलमध्येही रात्री स्वेटर लागतो.