बाबांचा कॉम्प्युटर बोलायचा थांबला तेव्हा

काचबिंदूमुळे बाबांना आता जवळपास दिसत नाही. त्यांच्या डेस्कटॉपवर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या यांत्रिक मराठी आवाजात ते रोज सकाळी बातम्या ऐकतात, मेल लिहितात. जुलैतल्या एका सकाळी त्यांनी हाक मारली, "अगं, हा बोलत नाहीये." आवाज गेला की माझी फार तर गाणी बंद होतात. त्यांचा अख्खा पडदाच विझला होता.

आधी स्पीकरची पिन काढून माझ्या जुन्या फोनला लावली. गाणं खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर आणि वायर ठीक, बिघाड कॉम्प्युटरमध्ये. ही तपासणी मी कायम पहिली करते, दोन मिनिटांत निम्मं कोडं सुटतं.

साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट म्हणून मॉनिटर निवडलेला होता. आदल्या रात्री भावाने नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला होता. ही केबल चित्राबरोबर आवाजही नेते, आणि विंडोज कधीकधी आपणहून सगळा आवाज तिकडेच वळवतं. या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. वाटलं, सापडलं! रिअलटेक, म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची साउंड चिप, निवडलं, तरी शांतताच. गाणं लावलं की सेटिंग्जमधली आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी पट्टी मात्र खालीवर होत होती.

दुपार ड्रायव्हर, म्हणजे साउंड चिप चालवणारं विंडोजमधलं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकण्यात गेली. एका दुकानदाराला फोन केला, तर त्याने मशीन न बघताच "मदरबोर्ड बदला", म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्डच बदला, असं सांगून टाकलं. मला मनापासून राग आला. विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू करून पाहिली, तिचे ड्रायव्हर वेगळे, पण तिथेही आवाज नाही. तेव्हा ड्रायव्हरचा नाद सोडला.

मग लक्षात आलं की आउटपुटच्या यादीत हेडफोन दिसताहेत, आणि लावलेले तर काहीच नाहीत. कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोन सॉकेटमध्ये एक बारीक पत्री असते. पिन आत गेली की ती हलते, मदरबोर्डला कळतं आणि स्पीकर लावलेलं मागचं हिरवं सॉकेट गप्प होतं. आमचं घर गिरगावात, चौपाटीपासून चालत पाच मिनिटांवर. इथल्या खाऱ्या हवेत पावसाळ्यात दाराच्या बिजागऱ्या गंजतात, तिथे ती पत्री काय टिकणार! गंजून अडकली असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेडफोनची पिन वीसेक वेळा आतबाहेर केली. उपयोग झाला नाही.

शेवटी स्विच बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडलं. पुढच्या सॉकेटची केबल मदरबोर्डच्या खालच्या कडेला, एचडी ऑडिओ लिहिलेल्या पिनांवर बसली होती. तो कनेक्टर सरळ वर उचलला. पुढचं सॉकेट कायमचं बंद झालं, पण बाबा हेडफोन वापरतच नाहीत. मशीन सुरू केलं आणि मागच्या स्पीकरमधून गाणं वाजलं.

एनव्हीडीए मात्र अजून गप्प. बाबांचा चेहरा बघवेना. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा मजकूर वाचणारा नॅरेटर चालू केला, तर तो बोलला. मग आठवलं, सकाळी चाचपडताना एनव्हीडीएचं आउटपुट मीच मॉनिटरवर नेलं होतं. त्याचं सेटिंग वेगळं असतं, विंडोजमध्ये बदललं तरी ते तसंच राहतं. तिथे डिफॉल्ट निवडलं आणि तो ओळखीचा आवाज मेलचे विषय वाचू लागला. बाबा बराच वेळ नुसतेच बाणाचं बटण दाबत बसले होते.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून अंगठ्याएवढं यूएसबी साउंड कार्ड आणलं. ते लावलं की आवाज आपोआप तिकडे वळतो, हे घरी तपासून घेतलं, कारण पुढच्या वेळी मी ऑफिसात असेन. बाबांनी कॅबिनेटवरून बोट फिरवत यूएसबीचं तोंड शोधलं, कार्ड बसवलं, मागची पिन ओढून त्यात घातली. तीनदा केलं. तिसऱ्यांदा मला खोलीबाहेर थांबायला सांगितलं.