रकाना लपवला, पण यादी उघडीच

काकांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला. "ताई, फोन करणाऱ्यानं माझा आधार नंबर घडाघडा म्हणून दाखविला की ओ. गट नंबर बी बरोबर. वरून ओटीपी मागायलाय." काकांनी ओटीपी दिला नव्हता, हे त्यांचं शहाणपण. पण दुपारपर्यंत त्याच गावचे आणखी काही जण तीच तक्रार घेऊन आले.

औसा तालुक्यात मी सेवा केंद्र चालवते. सोयाबीनच्या हमीभाव नोंदणीचे दिवस होते. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये आणि बाजारात दर त्याच्या खाली, त्यामुळे नोंदणीला झुंबड होती. तक्रार घेऊन आलेल्या सगळ्यांची नोंदणी एकाच खरेदी केंद्रावर झालेली. काकांच्या मुलानं गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज दाखवला: "आपापले नाव तपासून घ्यावे", खाली गूगल शीटची लिंक.

लिंक उघडली. नाव, गाव, गट नंबर, क्विंटल, एवढंच दिसत होतं. पण रकान्यांच्या वरची अक्षरं डी वरून एकदम एच वर गेली होती. मधले तीन रकाने कुणीतरी लपवले होते. त्या जागेवरच्या बाणावर एकदा टिचकी मारली आणि आधार, खाते क्रमांक, आयएफएससी म्हणजे बँक शाखेचा कोड, असं सगळं समोर आलं. रकाना लपवणं म्हणजे दारावर नुसता पडदा सोडणं. फक्त वाचायची परवानगी असलेल्या माणसानंही प्रत काढली, की त्या प्रतीत रकाने उघडता येतात.

इथं तर वाचण्यापुरतीही मर्यादा नव्हती. लिंक असलेल्या कुणालाही बदल करायची मुभा होती, लॉगिनसुद्धा नको. वरच्या कोपऱ्यात निनावी प्राण्यांची चित्रं ये-जा करत होती. लॉगिन न करता शीट बघणाऱ्यांना गूगल असंच दाखवतं. त्यातलं कोण गावचं नि कोण बाहेरचं, कळायला मार्ग नाही.

मग मी आयएफएससीचा रकाना वरून खाली वाचत गेले. या कोडची पहिली चार अक्षरं बँकेची असतात. जवळजवळ सगळ्या गावाची खाती एकाच बँकेत, म्हणून तीच चार अक्षरं ओळीनं येत होती. एका मावशींच्या ओळीत मात्र वेगळीच निघाली. त्या चौकटीची एडिट हिस्टरी, म्हणजे आधीच्या बदलांची नोंद, उघडली, तर जुना कोड वेगळा होता. शेजारचा खाते क्रमांकही बदललेला. बदल करणाऱ्याचं नाव नाही. मावशींचं सोयाबीन वीस क्विंटल, म्हणजे 1,06,560 रुपये. वर्षाची कमाई दुसऱ्याच्या खात्यात गेली असती. माझे हात थरथरत होते.

आधी स्क्रीनशॉट घेतले, मग खरेदी केंद्रावर फोन लावला. शीट तयार करणारा मुलगा काम सोडून पुण्याला गेलेला, आणि फाइल त्याच्या स्वतःच्या जीमेलवर! याचा मला फार राग आला. शेकडो लोकांची माहिती अशी एकाच्या खासगी खात्यावर ठेवायचीच नसते. पोरगा मात्र भला निघाला. मी फोनवर सांगत गेले, त्यानं शेअरमध्ये जाऊन 'एनीवन विथ द लिंक' काढून 'रिस्ट्रिक्टेड' केलं, आणि केंद्रातल्या दोघांचेच ईमेल घातले. 'पब्लिश टू वेब', म्हणजे शीट वेबपान म्हणून सगळ्यांना खुली करणं, हे वेगळं तपासायला लावलं, कारण ते चालू राहिलं तर शेअर बंद करूनही पान उघडतंच. व्हर्जन हिस्टरीतून, म्हणजे शीटच्या जुन्या आवृत्त्यांतून, मावशींचं खरं खातं परत आलं, पासबुकाशी ताडूनही पाहिलं. पैसे अजून सुटले नव्हते.

पण आधीच उतरवून घेतलेल्या प्रती परत बोलावता येत नाहीत. म्हणून गावात निरोप दिला: ओटीपी कुणाला द्यायचा नाही, कुणाचे पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. जे माझ्या सेवा केंद्रावर आले त्यांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं.

यादी गावाला दिसायलाच हवी, नाहीतर कुणाचं नाव गाळलं हे कळणार कसं? खरेदी केंद्राला मी तेच पटवलं. आता गावासाठी वेगळी पीडीएफ निघते. तिच्यात नाव, गाव, क्विंटल आणि खात्याचे शेवटचे चार आकडे असतात. आधारचा रकाना त्या फाइलमध्ये घेतलेलाच नाही.