ऐन किरकोळ

आमच्या कॉलेजात संशोधन होतं का, असं कुणी विचारलं की मी पूर्वी हसायचो. आता हसत नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर एक्सेलमध्ये भरायचं काम पाच वर्षं माझ्याकडेच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातलं, सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असं आमचं कॉलेज. कला, वाणिज्य, विज्ञान मिळून शिक्षक तीसेक, त्यांतले निम्मे तासिका तत्त्वावरचे. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि आयक्यूएसीचा, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा, समन्वयक आहे. म्हणजे कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकची फाईल मी करतो. तिसरा निकष संशोधनाचा. त्यात पेपर किती, पुस्तकं किती, प्रकल्प किती, हे वर्षवार, पुराव्यासह भरायचं असतं. पुरावा म्हणजे पीडीएफ, लिंक आणि जर्नलचा आयएसएसएन क्रमांक. शिवाय कार्यक्रम असेल तर जिओटॅग असलेला फोटो. आमच्या सड्यावर रेंज नसते, त्यामुळे आमचे निम्मे कार्यक्रम फोटोतल्या नकाशानुसार समुद्रात झालेले आहेत.

बाहेरच्याला कल्पना नसते की एवढ्याशा कॉलेजात काय काय चाललेलं असतं. बॉटनीच्या मॅडम गेली अकरा वर्षं पावसाळ्यातल्या दर रविवारी मागच्या सड्यावर जाऊन एक मीटर बाय एक मीटरच्या त्याच चौकोनांत काय उगवलंय ते मोजतात. गेंद किती, सीतेची आसवं किती, कवला कधी आला. त्यांनी पेपर काढलेत दोनच. विचारलं की म्हणतात, ‘अजून डेटा पुरेसा नाही.’ मराठीच्या मॅडमकडे जात्यावरच्या ओव्यांच्या बारा वह्या आहेत. अर्थशास्त्राचे सर मुंबईहून येणाऱ्या पैशांवर किती घरं चालतात ते वाडीवार लिहून ठेवतात. गणिताचे सर ग्राफ थिअरीत काहीतरी करतात. काय ते आम्हाला कळत नाही, पण त्यांचेच पेपर सर्वांत चांगल्या जर्नलमध्ये येतात आणि त्यांना लागतो फक्त कागद. माझं स्वतःचं काम विहिरींच्या पाण्यावर: जांभ्यातल्या विहिरींचा सामू, लोह, कठीणपणा. ईडीटीए घालत बसायचं आणि तांबूस रंगाचा निळा कधी होतो ते बघायचं. माझ्या नावावर सात पेपर आहेत. त्यांतले चार पाण्याचे आहेत, तीन एपीआयचे, म्हणजे बढतीच्या गुणांसाठीचे. शहाण्यास सांगणे न लगे.

या सगळ्यांत इतिहासाचे सर वेगळे. मोडी वाचणारा आमच्या तालुक्यात दुसरा माणूस नाही. लोक घरच्या माळ्यावरचे, वाळवीने अर्धे खाल्लेले कागद पिशवीत घालून आणतात, ‘सर, जमीन आमच्या नावावर आहे का बघा’ म्हणून. सर बघतात, पैसे घेत नाहीत, फोटो काढून ठेवतात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून इथे येणारा प्रत्येक पाहुणा सरांना तेवढंच विचारतो. सर शांतपणे सांगतात की माझा विषय कागद आहे, कातळ नाही.

फाईल भरायच्या वर्षी पेपरांचा आकडा कमी पडत होता. एका परिषदेचा विशेषांक निघणार होता, यूजीसीच्या मान्य यादीतल्या जर्नलचा, म्हणजे तसं ते सांगत होते. पैसे भरले की महिन्यात छापून हातात. मी सगळ्यांच्या मागे लागलो. सरांना म्हणालो, तुमच्याकडे कागदांचा ढीग आहे, एक पत्र घ्या आणि आठ दिवसांत द्या.

‘आठ दिवसांत वाचन होत नाही,’ सर म्हणाले.

‘वाचलेलं असेल ते द्या.’

त्यांनी दिलं. अठराव्या शतकाच्या अखेरचा एक कागद, शेजारच्याच गावचा. त्यात त्या गावाला ‘वरकसाबद्दल ऐन किरकोळ माफ’ केल्याचं लिहिलेलं. ऐन म्हणजे महसूलाची मूळ रक्कम, ऐन जमा. किरकोळ म्हणजे वरच्या बारीकसारीक पट्ट्या. दोन्ही माफ, म्हणजे डोंगरउताराच्या नाचणी-वरीच्या जमिनीला सरसकट सूट. पेपर छापून आला. तालुक्याच्या साप्ताहिकात बातमी आली. त्या गावाने तर ग्रामपंचायतीसमोर फ्लेक्स लावला: ‘पेशवेकाळापासून करमुक्त गाव’. फ्लेक्सचा फोटो मी समाजाभिमुख उपक्रमांत टाकला. तो मात्र बरोबर जमिनीवर जिओटॅग झाला होता.

आता त्या दिवसाचं.

डीव्हीव्हीच्या शंका आल्या होत्या. डीव्हीव्ही म्हणजे आपण भरलेल्या आकड्यांची पोर्टलवरून होणारी उलटतपासणी. मुदत मोजक्या दिवसांची, त्यांतले निम्मे दिवस सर्व्हर बंद. मी सगळ्या विभागांना आयक्यूएसीच्या खोलीत बसवून घेतलं होतं. एकच प्रिंटर, एकच लांब टेबल. बॉटनीच्या मॅडम चिडलेल्या होत्या, कारण मी त्यांना सड्याच्या कामाचं ‘फलित’ पन्नास शब्दांत मागितलं होतं. सर आपल्या पेपरासोबत मूळ कागदाचा मोठा प्रिंट जोडत होते. मॅडमनी स्टेपलर घेण्यासाठी हात पुढे केला आणि प्रिंटखाली सरांनी पेन्सिलीने लिहिलेलं देवनागरी वाचलं.

‘हे काय? ऐन-किंजळ?’

‘किरकोळ,’ सर म्हणाले.

‘छे हो. वरकसावर आणि काय असणार? ऐन-किंजळच.’

सर गप्प झाले. ते गप्प झाले तेव्हाच मला पोटात कसंतरी झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऐन आणि किंजळ ही सख्खी भावंडं आहेत, दोन्ही टर्मिनॅलिया. आमच्याकडे जोडीनेच नाव घेतात. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. आणि दोन्हींचा मोठा उपयोग म्हणजे कवळ. भाताचा तरवा टाकायची जागा पावसाआधी भाजायची असते. त्यासाठी उन्हाळ्यात डहाळ्या, म्हणजे कवळ, तोडतात, वाळवतात, शेणा-पाचोळ्याबरोबर पसरून पेटवतात. घाटाकडे याला राब म्हणतात, आम्ही भाजावळ म्हणतो. म्हणजे कागदात कराची माफी नव्हतीच कदाचित. गावाला ऐन-किंजळ तोडायला पट्टी माफ होती.

मोडीत असं होऊ शकतं, हे सरांनीच आम्हाला त्या दुपारी समजावलं. आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. त्यात नेमक्या त्या शब्दाच्या पोटात किड्याने भोक पाडलेलं. अलीकडे ‘कि’, पलीकडे ‘ळ’. महसुली कागदात ‘ऐन’नंतर ‘कि’ आणि ‘ळ’ दिसलं की महसूल वाचलेला माणूस ‘किरकोळ’च म्हणणार. झाडं मोजणारी बाई ‘किंजळ’ म्हणणार.

‘मोजू या,’ गणिताचे सर म्हणाले.

आणि मग जे झालं ते आमच्या कॉलेजात पूर्वी कधी झालं नव्हतं. सर घरी जाऊन मूळ कागद घेऊन आले. मॅडमनी बॉटनीच्या कपाटातून बटर पेपर आणला. फिजिक्सचा व्हर्नियर आला. व्हर्नियरचे जबडे कागदाला लावू द्यायला सर तयार नव्हते, म्हणून कागदावर बटर पेपर अलगद ठेवून भोकाच्या कडा आणि त्याच हातची अक्षरं टोकदार पेन्सिलीने उतरवून घेतली, आणि मोजलं ते बटर पेपरवर. भोक ५.२ मिलिमीटर. त्या लेखकाचा ‘ज’ चार ते पाच मिलिमीटरचा. ‘रको’ ही जोडी त्याच कागदात आणखी दोन ठिकाणी होती, एकदा ८.९, एकदा ९.३. नऊ मिलिमीटरचा माल सव्वापाचाच्या भोकात बसत नाही. गणिताच्या सरांनी नमुना लहान असल्याची तक्रार नोंदवली, पण आवाजात जोर नव्हता.

मी तोवर सगळ्यांवर ओरडायचं विसरलो होतो. डीव्हीव्हीची मुदत परवा संपत होती आणि पाच विषयांची माणसं किड्याच्या भोकावर ओणवी होती. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ज्याला मनापासून संशोधन म्हणेन असे ते दोन तास.

मग सरांनी आपल्या मूळ टंकलिखिताची फाईल उघडली. त्यात ‘कि[रको]ळ’ असं होतं. चौकटी कंस म्हणजे ‘हे कागदावर नाही, मी भरलंय’. हा लिप्यंतराचा साधा नियम, कुठलाही मोडीवाला तो पाळतो. छापील पेपरात कंस नव्हते. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना ते गेले, किंवा तिकडे कुणीतरी ‘स्वच्छ’ केले. सरांचा अंदाज छापताना पुरावा झाला होता. प्रूफ आलंच नव्हतं, पैशांची पावती तेवढी आली होती. त्या जर्नलने त्या अंकात छापलेल्या पानांची संख्या बघितली तर ती कुणी वाचून छापली असतील यावर माझा विश्वास बसत नाही.

सर मात्र जर्नलला काही बोलले नाहीत. त्यांना आनंदच झाला होता, हे मला नीट लिहायचंय. ते म्हणाले, हे तर जास्त मोठं आहे. ठाणे-कुलाब्याकडे राबाच्या फांद्यांवरून लोक इतके चिडले होते की १८८५ मध्ये इंग्रज सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. तो हक्क इंग्रजांच्या आधी कसा चालायचा, याचा एखादा कागद हाती लागणं म्हणजे काय! करमाफीचे कागद गावोगाव मिळतात, झाडांच्या नावासकट कवळीचा कागद त्यांनी तरी पाहिला नव्हता.

मग ते माझ्याकडे वळले. ‘तो पेपर यादीतून काढा.’

मी नाही काढला.

मी काय काय बोललो ते सगळं आठवतंय. आकडा भरून झालाय. आता एक कमी केला तर डीव्हीव्हीवाले बाकीच्यांवरही शंका घेतील. पेपर छापला गेला ही वस्तुस्थिती आहे आणि फॉर्म ‘पेपर छापला का’ एवढंच विचारतो, बरोबर आहे का असं विचारत नाही. हे शेवटचं वाक्य मी मोठ्या हुशारीने बोललो होतो. मॅडम उठून गेल्या. सरांनी बटर पेपरची घडी केली आणि वहीत ठेवली.

नॅकची समिती आली तेव्हा अध्यक्षांनी नेमका तोच पेपर उघडला. त्यांना कौतुक वाटलं, ग्रामीण भागात मोडीचं काम चालतं म्हणून. त्यांनी सरांना विचारलं, या गावाला एवढी सूट का मिळाली असेल? सर उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ‘त्या वाचनावर अजून काम चालू आहे.’ अध्यक्षांनी मान डोलावली आणि पान उलटलं. पुढे गणिताचे पेपर होते, ते त्यांनी भरभर उलटले. सड्याच्या चौकोनांबद्दल विचारलं नाही, कारण फाईलमध्ये त्याचा रकानाच नव्हता. ग्रेड बरी मिळाली. संस्थेने पेढे वाटले.

सरांनी जर्नलला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्याला उत्तर आलं की विशेषांक बंद झालेला आहे, नव्या लेखाचं शुल्क भरून स्वतंत्र लेख देता येईल. सरांनी ते पत्रही फाईल केलं. जर्नलांची ती अख्खी यादीच यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली. ज्या यादीसाठी मी आठ दिवसांची घाई केली होती, तिची आता कुणी चौकशीही करत नाही.

गावचा फ्लेक्स अजून आहे. सर आणि मॅडम मे महिन्यात तिकडे गेले होते, वरकसावर ऐन किती आणि किंजळ किती उरलेत ते मोजायला. सरपंचांनी त्यांना हार घातला आणि फ्लेक्ससमोर फोटो काढला. सरांनी सांगायचा प्रयत्न केला म्हणे. सरपंच म्हणाले, ‘सर, झाडांचं पण लिहा, पण करमुक्त तेवढं राहू दे.’

या वर्षी दोघांनी मिळून पेपर लिहिला, बऱ्या जर्नलमध्ये, दोनदा परत येऊन तिसऱ्यांदा घेतला गेला. त्यात कंस शाबूत आहेत, मी स्वतः तपासले. भोकाचं माप आहे, तळटीपेत व्हर्नियरचा उल्लेख आहे, आणि पहिला पेपर चुकला होता हे पहिल्याच परिच्छेदात आहे. सरांनी प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा तेच म्हणाले, ‘आता तरी पहिला काढा.’

वार्षिक अहवालाची शीट माझ्यासमोर उघडी आहे. विभागाच्या रकान्यात एकच नाव निवडता येतं, इतिहास किंवा वनस्पतीशास्त्र. ते एक वेळ कसंतरी करता येईल. पण संस्थेने या वेळी मागच्या सगळ्या वर्षांची एकत्रित बेरीज मागितली आहे. चुकीचा पेपर आणि ती चूक सांगणारा पेपर, दोन्ही धरून सरांच्या नावापुढे दोन येतात. पहिली ओळ निवडून ठेवली आहे. डिलीट अजून दाबलेलं नाही.