तुम्ही विचारलंत म्हणून: वजन आहे तेवढंच, मग पोळी कशाला सोडली?

वाढपी मसालेभात घेऊन येतो, मी पानावर हात आडवा धरतो आणि शेजारचे काका वळतात. "शुगर निघाली का?" नाही. "मग डाएट?" तसंच काहीतरी. मग वरपासून खालपर्यंत एक नजर. "चार वर्षं झाली म्हणतोस, फरक तर काही दिसत नाही!"

नाहीच दिसणार. चार किलो उतरलं होतं, त्यातलं तीन परत आलं. पोळी-भात मी वजनासाठी सोडलेला नाही. एकदाच सांगतो, म्हणजे पुढच्या पंगतीत निवांत कोशिंबीर खाता येईल.

मला खायला लागलं की थांबता येत नाही. 'आवडलं म्हणून दोन घास जास्त' हे ते नव्हे. पोट दुखतं, श्वास जड होतो, तरी हात डब्यात जातच राहतो. आणि तेही कोणी बघत नसताना. याला बिंज ईटिंग म्हणतात. स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ मध्ये याबद्दल लिहिलं होतं, पण तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत स्वतंत्र आजार म्हणून याला जागा मिळाली ती २०१३ मध्ये. निकष असा की असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने व्हावं. मी वाचलं आणि हसलो. माझं आठवड्यातून चारदा व्हायचं.

आपल्याकडे तर याचं कौतुकच. मामेभावाच्या लग्नात मी पैजेवर बावीस जिलब्या खाल्ल्या, ते अजून रंगवून सांगतात. घरी परतल्यावर त्याच रात्री मी फरसाणाचा डबा संपवला, ते कोणाला माहीत नाही. एकादशी दुप्पट खाशी ही लोकांसाठी म्हण असेल.

२०१९ मध्ये अण्णांचं वर्षश्राद्ध होतं. आईने आदल्या दुपारी रव्याचे लाडू वळले. अठ्ठावीस. मोजून, कारण भटजी, जावई, शेजारी असा तिचा हिशेब ठरलेला. स्टीलचा मोठा डबा, तळाला वर्तमानपत्र. चव कोणी बघायची नाही, आधी अण्णांचं पान. रात्री दीडला मी पाणी प्यायला उठलो. म्हणजे पाणी प्यायला उठलो असं पुढे दोन वर्षं मी स्वतःला सांगत होतो; डबा कुठल्या फळीवर आहे हे संध्याकाळपासून डोक्यात होतं. आवाज होऊ नये म्हणून झाकण बनियनच्या टोकाने धरून उघडलं. पहिला लाडू चांगला लागला. तिसऱ्यानंतरची चव आठवत नाही. टाळ्याला चिकटलेला रवा आठवतो. प्रत्येक लाडवावरचा बेदाणा आधी काढून मी ओट्यावर ओळीने ठेवत होतो, तेही आठवतं. का, ते विचारू नका. सतरा बेदाणे झाले. मग तेही खाल्ले. उरलेले अकरा लाडू बाहेर काढले, तळाशी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वर लाडू पुन्हा रचले. वरून डबा भरलेला दिसावा म्हणून. बेचाळीस वर्षांचा घोडा.

सकाळी पाचला रवा भाजल्याच्या वासाने जाग आली. आई गॅसपाशी पाठमोरी. ओट्यावर ते बोळे, हाताने सपाट करून घडी घातलेले. बहिणीने विचारलं, "अगं, लाडू कालच झाले होते ना?"

"मुंग्या लागल्या," आई म्हणाली.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवताना माझ्या पानात दोन लाडू पडले, सगळ्यांना पडले तसे.

त्यानंतर समुपदेशक गाठली. तिचं म्हणणं सरळ होतं: तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा खाणं, वेळा ठरलेल्या, आणि बंदी कशावरच नाही. उपाशी ठेवलेला माणूस तुटून पडतो. मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. नंतर अन्न समोर आलं तेव्हा त्यातल्या काहींना थांबताच येईना.

पटलं. तरी पोळी सोडली.

कारण माझी वही. सहा महिने लिहिलं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी सुरुवात पीठ, भात नाहीतर साखरेपासून. रात्री दीडला उकडलेल्या अंड्यासाठी मी कधी उठलो नाही. मग वेळा तिच्या आणि ताट माझं, अशी तडजोड झाली. सकाळी तीन अंडी, दुपारी पालेभाजी आणि पनीर किंवा मासळी, वाटीभर वरण, ताक, चार वाजता मूठभर शेंगदाणे. "भाकरी तरी चालत असेल ना?" भाकरीही पिठाचीच असते हो. आणि ज्या साबुदाण्याला तुम्ही हलकं समजता, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च.

फरक पडला. पूर्वी दुपारी जेवतानाच डोक्यात रात्रीचा डबा सुरू व्हायचा, ते थांबलं. आता महिन्यातून एखाद्‌दुसऱ्या वेळी होतं. पण हे अंडी-पनीरने केलं की ठरलेल्या वेळांनी? वेगळं करून बघायची हिंमत नाही. (माझं बघून मेव्हण्याने भात सोडला. त्याला शुगरच्या गोळ्या चालू. दुसऱ्याच दिवशी घाम फुटून खुर्चीत बसला. तेव्हा माझं बघून काही करू नका.)

२०२१ च्या वहीत मी लिहिलंय, 'साखर हे विष आहे', खाली दोन रेघा. आता त्या माणसाशी मला भांडावंसं वाटतं. माझा मुलगा एक बिस्किट खातो आणि पुड्याला रबर लावून ठेवून देतो. विष कसलं? आणि मागच्या श्रावणात मी एका बैठकीत अर्धा किलो खारे शेंगदाणे संपवले, तेव्हा त्यात पीठ कुठे होतं, साखर कुठे होती?

समुपदेशक म्हणते, ही बंदी म्हणजे तुमचा जुनाच आजार, फक्त सदरा बदललाय. मी म्हणतो, दारू सोडलेल्याला तुम्ही एक पेग चालेल म्हणता का? ती म्हणते, दारूवाचून जगता येतं, जेवणावाचून येत नाही. यावर मला उत्तर सुचलेलं नाही. तरी उद्या दुपारी ताटात पोळी नसेल.

यंदा अण्णांच्या श्राद्धाला आईने लाडू केलेच नाहीत, नुसती खीर. मी विचारलं, का गं?

"रवा किती महाग झालाय," ती म्हणाली.