लिस्बनच्या फ्लॅटात माटोळी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातून विचारणा सुरू होते, "माटोळीला काय पाठवू?" कवंडळ, कांगलां, माट्टी, घागऱ्या, अशा रानच्या जिनसा... यांतलं काहीच पाठवू नका. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात प्रवाशाच्या बॅगेतल्या फळा-पानांनाही कीडरोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट पाचच फळांना: नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन. आंब्याच्या डहाळ्यांना नाही.

तसंही भाद्रपदात आपल्या मातीत जे येतं ते देवाच्या माथ्यावर टांगायचं, ही माटोळी. इथं त्या सुमाराला अंजीर, द्राक्षं, लाल भोपळा, मक्याची कणसं मिळतात. प्लास्टिकच्या फळांपेक्षा ती शंभरदा बरी.

छताला हूक मात्र मारू नका. जिप्समच्या छतातून तो वजनानं उपटून येतो, आणि खाली मूर्ती असते! सोललेले पाच नारळच तीन किलोच्या आसपास भरतात. कपडे टांगायचे दोन लोखंडी स्टँड घ्या, त्यांवर बांबूची चौकट आडवी बांधा. आधी चारही कोपऱ्यांना सारखं वजन, मग मधला भाग. नाहीतर चौकट कलंडते. दुकानातल्या नारळाला देठ नसतो, म्हणून त्याला सुतळीचं शिंकं करावं लागतं. नायलॉनची दोरी गुळगुळीत करवंटीवरून घसरते. अंजीर कडकच घ्यायचे. पिकलेले दुसऱ्या दिवशी गळतात आणि चिलटं येतात.

मूर्ती नसली तरी अडत नाही. गोव्यातल्या काही घराण्यांत आजही कागदावरचा गणपती पुजतात. 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, आलं, त्या काळात लपून पूजा करावी लागे, त्यातून ही रीत आल्याचं सांगतात. आता तोच कागद लिस्बनमध्ये दिवाणखान्यात उघड्यावर असतो.

अडतं ते जिनसांच्या नावांपाशी. गोव्यात पोर खाली उभं राहून एकेक जिन्नस वर देतं, स्टुलावरचा काका ओरडतो, "कांगलां दी रे!" चुकीचं दिलं की ओरडा खातं, आणि नाव पाठ होतं. इथं मुलं झोपल्यावर आईबाप माटोळी उरकतात. सकाळी मुलांना ती आयती दिसते. रात्री उशीर झाला तरी चालेल, पण त्यांच्याच हातून द्यायला लावा.

तर घरच्यांनी पाठवायचं ते हे: म्हापशाच्या बाजारातल्या प्रत्येक जिनसेचा वेगळा फोटो आणि सोबत आजीच्या आवाजात तिचं नाव. कोंकणीतच. मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका.